चौदा शिखरं आणि नाथा म्हात्रे

मानपत्र लिहिणं हा माझा धंदा नव्हे, पण पेणमध्ये कुणाचाही सत्कार ठरला की मंडळी माझ्याच दारात उभी राहतात. हायस्कुलात मराठी शिकवतो, एवढा गुन्हा त्यांना पुरतो. निवृत्त तलाठी, गणपतीचे कारखानदार, भजनी मंडळाचे पेटीवाले, सगळ्यांना मी आजवर 'ऋषितुल्य' करून सोडलं आहे. आमची ही म्हणते, एक कागद छापूनच ठेवा आणि नुसतं नाव भरत जा.

१९९८ साली दसरा झाल्यावर रामवाडीतल्या एका मंडळाचे लोक आले, ते मात्र नाथा म्हात्र्याचं नाव घेऊन. जानेवारीत त्यांचा वार्षिक कार्यक्रम होता आणि त्यात त्यांना नाथाचा सत्कार करायचा होता, डोंगर चढणारा माणूस म्हणून. मी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य माणसाचं नाव घेऊन माझी पायरी चढलं होतं.

नाथा माझा मित्र. आमचं पाच जणांचं टोळकं आहे. मी दत्तात्रेय, पेणचा; मला सगळे मास्तरच म्हणतात. विष्णू रोह्याच्या एका बँकेत आहे, राहतो वरसे गावात. त्याची बायको वत्सलावहिनी रोह्यातल्या शाळेत गणित शिकवते आणि चढावर नवऱ्याला सहज मागे टाकते. महिपतीची कोलाड नाक्यावर खाणावळ आहे; तिथलं जेवण अंगी लागतं, हे मालकाकडे बघूनच पटतं. आणि नाथा. खाडीलगतच्या खारेपाटातला आगरी, लहानपण आणि अर्धी जवानी मिठागरात गेलेली; आगर बंद पडल्यावर रोह्याकडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये लागला. अठरा वर्षांत आम्ही पाच जणांनी मिळून चौदा डोंगर केले होते. रायगड त्यात धरलेला नाही, तिथे शाळेच्या सहली जातात.

खरं सांगायचं तर नाथा आमच्यात आला तो मित्र म्हणून नव्हे. महिपतीच्या खाणावळीत त्याच्याकडून मीठ यायचं. पहिल्यांदा अवचितगडावर जायचं ठरलं, तेव्हा भाताचं पातेलं, तांदूळ, कांदेबटाटे कोण वाहणार यावर घोडं अडलं. महिपती म्हणाला, एक माणूस आहे, डोक्यावर दोन मण घेऊन बांधावरून चालतो. असा नाथा आला. आम्ही पुढे गप्पा मारत चाललो होतो आणि तो मागून पातेलं घेऊन येत होता. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. परत उतरल्यावर त्याने सहज विचारलं, पुढचा डोंगर कुठला? पुढच्या डोंगराला पातेलं आम्ही आळीपाळीने उचललं.

पण एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. ओळीत सगळ्यांत मागे तोच चालणार. विष्णूला वाटलं, गडी लाजतोय. त्याने पुढे ये, पुढे ये म्हणून आग्रह केला, तेव्हा नाथाने आम्हाला मिठागराची रीत सांगितली. ओल्या मिठाने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन माणसं बांधावरून एकामागे एक जातात. बांध इतका अरुंद की कुणी कुणाला ओलांडत नाही. मधेच एखाद्याचा पाय घसरला, मान भरून आली आणि पाटी खाली ठेवावी लागली, तर ती एकट्याने परत डोक्यावर चढत नाही. उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं, आणि ते म्हणजे ओळीतलं मागचं माणूस. असा प्रत्येकाला मागून कुणीतरी असतो, फक्त शेवटच्याला नसतो. म्हणून ज्याची पाटी कधी खाली यायचीच नाही असं माणूस शेवटी ठेवायचं. नाथाच्या आगरात ती जागा त्याच्या आईची, बायजाबाईची होती. ती थकल्यावर त्याची झाली.

कामाच्या पुष्कळ रीती मी पाहिल्या. शाळेतल्या तर रोजच पाहतो. याच्याइतकी शहाणी रीत मला दुसरी ठाऊक नाही.

नाथा मागे चालतो म्हणजे काय करतो, हे त्याच्या पुढे दमून बसलेल्यालाच कळतं. तो 'चला, चला' म्हणत नाही. 'आता थोडंच राहिलं' असं खोटंही बोलत नाही. तुम्ही थांबलात की तो थांबतो आणि भलतीकडेच बघत राहतो, म्हणजे तुम्हाला आपल्या धापांची लाज वाटू नये. तुम्ही बसलात की शेजारी बसतो, आणि पुढच्यांना हाताने खूण करतो की तुम्ही व्हा पुढे. साल्हेरला वहिनीचा पाय मुरगळला, तेव्हा त्याने अंगावरचा पंचा फाडून घोटा असा बांधला की नाशिकच्या डॉक्टरने तो सोडताना कुणी बांधला म्हणून चौकशी केली. रागावलेला तर मी त्याला पाहिलेलाच नाही. माझ्यासारख्या, वर्गात दिवसाला तीन वेळा भडकणाऱ्या माणसाला हे सोपं नाही हे कळतं.

तर मानपत्र. मी जीव ओतून तीन पानं लिहिली. नाथा पहिल्या शिफ्टवरून सुटून पेणला उतरला की कधीकधी आमच्या ओट्यावर चहाला थांबतो. तसा तो थांबला, तेव्हा मी त्याला ती वाचून दाखवायला लागलो. 'चौदा गिरिशिखरे पादाक्रांत करणारा खारेपाटाचा सुपुत्र' इथपर्यंत आलो आणि त्याने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. पादाक्रांत म्हणजे काय, ते विचारलं. मी म्हटलं, पायाखाली घातलेली.

"मंग तेवरा काढा, मास्तर," तो म्हणाला. "मी माथ्यावर कदी गेलू नाय."

मी हसलो. मोठी माणसं असं बोलतातच, त्याला विनय म्हणतात, आणि मानपत्रात त्याचाही एक परिच्छेद असतो. पण नाथा हसत नव्हता. त्याने बशी खाली ठेवली आणि मला शांतपणे म्हणाला की आठवून बघा. मग चपला घालून तो गावाकडे निघून गेला.

मी आठवायला बसलो. त्याच कागदाच्या पाठीवर चौदा नावं एकाखाली एक लिहिली. अवचितगडला तो खाली झाडीत भात शिजवत राहिला होता. सरसगडला माकडं पिशव्या पळवतात म्हणून पिशव्यांपाशी. सुरगडच्या शेवटच्या कातळात मला चक्कर आली, तो माझ्यापाशी. साल्हेरला वहिनीचा पाय. माहुलीला महिपतीचा दम. राजगडाच्या बालेकिल्ल्याखाली पुन्हा मी. रतनगडाच्या शिडीखाली पुन्हा मी. दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन विष्णूला आणि वहिनीला विचारलं, परतताना कोलाडला महिपतीला गाठलं. सगळ्यांनी आधी मला वेड्यात काढलं आणि मग एकेक जण बोटांवर मोजायला लागला. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं. प्रत्येक वेळी आम्हाला वाटलं होतं की या खेपेला राहिला बिचारा, पुढच्या खेपेला येईल. खाली उतरताना तो वाटेत भेटायचा, मग पाचही जण मिळून गावात यायचो आणि लोकांना सांगायचो की डोंगर केला. चौदा डोंगरांची बेरीज कुणी मांडलीच नव्हती, आणि तीसुद्धा आमच्यात गणिताची बाई असताना.

बेरीज मांडल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. चौदापैकी सहा वेळा नाथा खाली राहिला होता तो माझ्यामुळे. मला उंचीची भीती वाटते. मला डोंगर फार आवडतो, फक्त त्याचे शेवटचे पन्नास फूट आवडत नाहीत; पायाखाली पोकळी दिसली की माझे हात गार पडतात. अठरा वर्षं मी हे 'चक्कर' या नावाखाली खपवलं होतं. आणि आता मीच त्याचं मानपत्र लिहीत होतो. याला काय म्हणतात ते मी मुलांना शिकवतो: दिव्याखाली अंधार.

चार दिवसांनी नाथा परत आला, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं की कधी वर जावंसं वाटलं नाही का. मला वाटलं होतं, तो म्हणेल की मला काय त्याचं. मला तसं म्हणायला हवंच होतं, म्हणजे माझी सुटका झाली असती.

तो म्हणाला, "वाटतंय तं. कुनाला नाय वाटनार? पन मागं कुनीतरी बसलेला असतंय."

त्यातच त्याने दुसरी गोष्ट सांगितली. त्याच्या गुडघ्यांची झीज झाली होती. आयुष्यभर चिखलात आणि ओझ्याखाली गेलेले गुडघे ते, अलिबागच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं होतं की फार तर हा हिवाळा, नंतर जिनासुद्धा जपून चढा. तो हे उन्हापावसाबद्दल बोलावं तसं बोलला.

त्या रविवारी महिपतीच्या खाणावळीत आम्ही चौघे बसलो आणि ठरवलं. डिसेंबरात कळसूबाई. महाराष्ट्रात त्याच्यापेक्षा उंच डोंगर नाही, तेव्हा नाथाला पहिल्यांदा माथ्यावर उभं करायचं तर तिथेच. अट एकच. काहीही होवो, पाय मोडो, दम तुटो, कुणीही बसायचं नाही. एक जरी बसला तरी नाथा त्याच्याजवळ बसणार, आणि मग पुन्हा वेळ मिळणार नव्हती. महिपतीने ताटावर हात ठेवून शपथ घेतली आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. दुसऱ्या सकाळपासून तो कालव्याच्या कडेने रोज दोन तास चालायला लागला. कोलाडात लोक त्याला विचारायला लागले की घरी सगळं ठीक आहे ना.

मी कुणालाच काही बोललो नाही. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, हे मला ठाऊक होतं. शेवटची तर थेट माथ्याखाली आहे.

आमच्या शाळेच्या मागे पाण्याची टाकी आहे आणि तिला उभी शिडी आहे. शाळा सुटल्यावर मी तिच्यावर सराव करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या चढलो. सहावीवर उभा राहून खाली पाहण्याची चूक केली आणि तिथेच चिकटलो. वरही जाता येईना, खालीही येता येईना. शेवटी दाजी शिपाई कुलूप लावायला आला, त्याने मला पाहिलं आणि काही न विचारता माझा एकेक पाय धरून खालच्या पायरीवर ठेवत मला उतरवलं. वर म्हणाला, मास्तर, टाकी साफ करायला आपण माणूस लावतो. महिनाभर मी रोज जात राहिलो. सहावरून नऊवर आलो. पुढे गेलोच नाही.

मग मला एक युक्ती सुचली, आणि ती मला फार उदात्त वाटली. मीच गेलो नाही तर? नाथाच्या वाटेतला धोंडा मीच होतो, तो बाजूला केला की झालं. मी निरोप धाडला की सहामाहीच्या पेपरांचं उशिरा राहिलेलं काम आहे, तुम्ही चौघे जा. दुसऱ्या दिवशी नाथा ओट्यावर हजर. पाच जणांचा बेत असताना चार जण कसे जाणार, असं त्याचं म्हणणं. पेपर तपासून होऊ दे, मग सावकाश जाऊ, उन्हाळ्यात जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी त्याचे गुडघे नव्हते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी आत गेलो, कोरे कागद उगाच इकडचे तिकडे केले आणि बाहेर येऊन म्हणालो की काम झालं, येतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महिपतीच्या मेहुण्याच्या जीपने घोटीमार्गे आम्ही बारी गावात पोचलो. पायथ्याच्या एका घरात मुक्काम केला आणि उजाडताच निघालो. हवेत गारठा होता, भात कापून मोकळी झालेली शेतं दवाने भिजली होती, आणि समोर तो डोंगर. टप्प्याटप्प्याने वर गेलेला, शेवटचा टप्पा बघायला मान पार मागे टाकावी लागते. वाटेत नाथाला पुढे घालायचा आमचा बेत होता. वहिनीने त्याला तसं सांगितलंही. तो दहा पावलं पुढे चालला आणि दहाही पावलं मागे वळून बघत चालला. अकराव्याला दगडावर ठेचाळला. मग आम्हीच हात टेकले. तो मागे गेला आणि आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं.

पहिल्या दोन तासांत महिपतीने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याचा सदरा भिजला, चेहरा लालभडक झाला, तोंडातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, पण गडी बसला नाही. थांबायचा, काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या उभ्या श्वास घ्यायचा आणि पुन्हा निघायचा. विष्णूचा अंगठा बुटात फुटला, ते त्याने आम्हाला खाली उतरेपर्यंत सांगितलं नाही. अठरा वर्षांच्या आमच्या सहलींत इतकं निमूट आम्ही कधीच चाललो नव्हतो. नाथाला हा सगळा प्रकार काय आहे ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. तो आपला मागून येत होता, डावा पाय जरा ओढत.

पहिली शिडी कड्याला टेकून होती, बाजूला खडक होता. मी खडकाला गाल लावून चढलो. दुसरीला डोळे अर्धे मिटले. असे करत आम्ही शेवटच्या टप्प्याखाली आलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि वारा सुटला होता. आणि ती शेवटची शिडी. दोन्ही बाजूंना काही नाही. खाली इतकं खोल की शेतं शाळेच्या पाटीवर आखल्यासारखी दिसत होती.

वहिनी गेली. विष्णू गेला. महिपती देवीचं नाव घेत घेत गेला आणि वर पोचून त्याने टोपी हलवली.

मी शिडीला हात लावला. लोखंड बर्फासारखं गार होतं. माझे हात त्याहून गार पडले. आणि माझ्या तोंडून, मी न ठरवता, सहा डोंगरांवर म्हटलेलं वाक्य बाहेर पडलं, की तू हो पुढे, मी इथेच जरा टेकतो.

नाथाने मान डोलावली. कसलीही कुरकुर नाही, चेहऱ्यावर एक रेघ नाही. त्याने खांद्यावरची पिशवी काढून दगडावर ठेवली आणि दुखरा गुडघा हाताने धरून तो माझ्याशेजारी बसायला वाकला. माथा त्याच्या डोक्यावर पन्नास-साठ फुटांवर होता. वर महिपती टोपी हलवत होता.

माझा संताप संताप झाला. त्याच्यावर, माझ्यावर, त्या मिठागरावर, सगळ्यावरच. मी ओरडलो, "बसू नकोस, नाथा. खबरदार बसलास तर."

तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला. अठरा वर्षांत मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मग मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं. मला चक्कर कधी आलीच नव्हती. मी भितो. सुरगडला भ्यालो, राजगडला भ्यालो, रतनगडला भ्यालो, आणि तू दर वेळी माझ्याजवळ बसून राहिलास.

"ठावं हाय मना," नाथा म्हणाला. "सुरगडापासनं ठावं हाय."

मी शिडी धरली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तो माझ्या मागून चढायला लागला, माझ्या पायांच्या जरा खाली राहून. त्याचा एक हात शिडीला आणि एक माझ्या टाचेला. मी पाय उचलला की तो हाताने टाच धरून वरच्या पायरीवर नीट टेकवायचा आणि मग थोपटायचा, की बसला पाय, आता दुसरा. मिठाने आणि चिखलाने त्याचा तळवा लाकडासारखा झालेला. माझ्या पायात सँडल होते, मोज्यातूनही तो खरखरीत हात कळत होता. मला वाटतं, माझ्या आईनंतर माझे पाय असे कुणी धरले नव्हते.

नववी पायरी आली. टाकीवर मी इथपर्यंतच यायचो. वाऱ्याने शिडी कणभर हलली आणि मी खाली पाहिलं. शेतं फिरायला लागली. मी शिडीला मिठी मारली, डोळे गच्च मिटले आणि तिथेच थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

खालून नाथाचा आवाज आला, रोजच्यासारखाच. "उतरूया, मास्तर. काय नाय त्यात. मी धरतंय, सावकास उतरूया."

तो मनापासून म्हणत होता. त्याच्या डोक्यावर आता चाळीसेक फूट उरले होते, गुडघ्यांत चढायचा हा शेवटचा हिवाळा होता, आणि तो पंधराव्यांदा माघारी फिरायला तयार होता, माझा पाय हातात धरून. त्याने एक सुस्कारासुद्धा टाकला नाही. टाकला असता तर मी कदाचित उतरलो असतो. या माणसाने मला इतकं सहज सोडून दिलं, म्हणूनच मला ती सुटका घेता येईना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाही उतरायचं," मी म्हणालो.

"मंग खाली बघू नका. खाली बघायचा काम माझा. तुमी फकस्त वरची पायरी बघा."

मी वरची पायरी पाहिली. गंजलेली, मधे जरा वाकलेली. तिच्यावर हात ठेवला. नाथाने टाच टेकवून थोपटली. मग तिच्या वरची. एका पायरीवर त्याचा स्वतःचा गुडघा कडकन वाजला, तो मला ऐकू आला. मी थांबलो तर तो म्हणाला, चला. अठरा वर्षांत त्याने मला 'चला' म्हटलं ते एवढं एकदाच.

वर विष्णूने माझं मनगट धरलं आणि मला ओढून घेतलं. मी गुडघ्यांवर आणि हातांवर जमिनीवर आलो आणि तसाच उलटा वळलो. नाथा शेवटच्या तीन पायऱ्यांवर होता. आमचे चौघांचे चार हात त्याच्याकडे गेले. कुठला धरावा हे त्याला क्षणभर कळेना. मग त्याने वहिनीचा आणि महिपतीचा धरला, आणि तो वर आला.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे, भोवती थोडीशी सपाट जागा, आणि मग चारी बाजूंना नुसता वारा. एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, दुसरीकडे एकामागे एक डोंगर निळे होत गेले होते. त्यांतले काही आम्ही चढलेले. वहिनी बोट दाखवून एकेकाचं नाव सांगायला लागली.

नाथाने आधी देवीला हात जोडले. मग जिथून आलो त्या बाजूला जाऊन शिडीकडे वाकून बघितलं, कुणी यायचं राहिलं आहे का. कुणी नव्हतं. तो परत आमच्यात येऊन उभा राहिला. वाऱ्याने त्याचे पांढरे केस कपाळावर येत होते. त्याने विष्णूकडे पाहिलं, महिपतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नव्या शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "आता काय करायचा असतंय हितं?"

चौदा वेळा आमच्यापैकी कुणी ना कुणी माथ्यावर आलं होतं. खाल्लं, गाणी म्हटली, नावं घेऊन आरोळ्या दिल्या. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा तो खाली कुणाजवळ तरी बसलेला असायचा. तीन पानांचं मानपत्र लिहिणारा मी, मला एक वाक्य जुळवता येईना.

"काही नाही रे," मी शेवटी म्हणालो. "तू बस."

नाथा देवळाच्या पायरीवर बसला. गुडघे लांब केले, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघायला लागला. महिपतीही सवयीने खाली टेकायला निघाला, तेव्हा वहिनीने त्याचा दंड धरून त्याला उभं केलं. नाथा आपणहून उठेपर्यंत आम्ही चौघेही त्याच्या बाजूला उभेच राहिलो.